छर्ऱ्याचं काडतूस, पिस्तूल आणि आपल्या रानातला साप



आजची नोंद पिकाची नाही. पण रानाचीच आहे. आडसाली ऊस आता डोक्याच्या वर गेलाय, सोयाबीन गुडघ्याला लागलंय, बांधाला गवत माजलंय. हे दिवस घोणशीचे. आणि गेल्या दोन महिन्यांत मला तीन पोरांनी एकच प्रश्न विचारला. त्यातला एक माझा सख्ख्या चुलत भावाचा मुलगा. तो म्हणाला, "तात्या, तुम्ही अमेरिकेत बघून आलाय. तिकडं शेतकरी पिस्तुलात छर्रे भरून साप मारतात म्हणे. आपल्याला रिव्हॉल्वरचं लायसन काढून तसं करता येईल का? काडतूस घरी भरायचा व्हिडिओ मोबाइलवर आहे."

दुसऱ्यांनी विचारलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण हा पुतण्या हसण्यावारी न्यायचा नाही. याचा बाप 1996 साली उसाला रात्री पाणी पाजताना घोणस चावून गेला. पोरगं तेव्हा दोन वर्षांचं होतं. लाईट रात्रीची होती म्हणून रात्री पाणी. पायात साधी चप्पल. हातात चिमणीसारखा उजेड देणारी बॅटरी. आधी देवळात नेलं, मग तालुक्याला. लस मिळेपर्यंत पहाट झाली. म्हणून त्याच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं ठरवलं, आणि सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, पण सवडीनं वाचा.

मी 2023 मध्ये लेकीकडं टेक्सासला पाच महिने होतो. सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला चुनखडीच्या टेकड्यांचा मुलूख आहे. दगडाळ माळ, खुरटी झाडं, शेळ्या, गाई आणि गवताचे गठ्ठे. आपल्या माणदेशात गेल्यासारखं वाटतं. जावईबापूंच्या ओळखीचा तिथला एक म्हातारा शेतकरी आहे, सत्तरी ओलांडलेला. दीडदोनशे शेळ्या, थोडी गुरं. मला शेत बघायची हौस म्हणून जावईबापू मला सुटीच्या दिवशी त्याच्याकडं सोडायचे. भाषेचा प्रश्न यायचा, पण शेळी, पाणी, गवत आणि साप हे हातवाऱ्यानंही कळतं. अवघड काही निघालं की जावईबापू मराठीत सांगायचे.

त्या भागात खुळखुळ्या साप आहे. शेपटाला कडक कड्या असतात, त्या वाजवून तो इशारा देतो. अंगावर हिऱ्यासारख्या चौकटी. जाडजूड, आपल्या घोणशीच्या बांध्याचा. मार्च-एप्रिलात ऊन वाढलं की कपारीतनं बाहेर येतो. म्हातारबाच्या कमरेला एक जुनं रिव्हॉल्वर असायचं, .38 स्पेशलचं. त्यात सहा काडतुसं. पहिली दोन छर्ऱ्याची, पुढची साधी गोळीची. छर्ऱ्याची तो स्वतः गोठ्याच्या मागच्या खोलीत भरायचा. तिकडं स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तरच लागतो. आपल्याकडं तसं नाही, त्यावर पुढं येतोच.

आधी हे काडतूस म्हणजे काय ते सांगतो. साध्या काडतुसात पितळेची पुंगळी, बुडाला ठिणगी पाडणारी कॅप, आत दारू आणि तोंडाला एक गोळी. छर्ऱ्याच्या काडतुसात गोळीच्या जागी बारीक शिशाचे छर्रे. दारूवर एक चकती, तिच्यावर छर्रे, वर दुसरी चकती, आणि पुंगळीचं तोंड आत वळवून ती चकती दाबून बसवायची. चकती पुठ्ठ्याची असते, नाहीतर तांब्याची छोटी वाटी. दुसरी तऱ्हा म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक कुपी. तिच्यात छर्रे भरून कुपी गोळीसारखी बसवायची. अशा रिकाम्या कुप्या स्पीअर कंपनी विकायची. आणि सीसीआय कंपनीची तयार छर्रा काडतुसं तर दुकानात मिळतात, .22 पासून .45 पर्यंत. म्हातारबा भरायचा ते हौसेनं आणि पैसे वाचवायला.

त्याचं भरणं बघण्यासारखं होतं. प्रत्येक पुंगळी उजेडाकडं धरून चीर गेलीय का बघायचा. दारू वजनकाट्यावर, आणि वजन दारूच्या कंपनीनं छापलेल्या पुस्तकातलंच. त्याच्या वर एक कणही नाही. खोलीत रेडिओ बंद. गप्पा बंद. मला खुर्ची द्यायचा आणि बोट ओठावर ठेवायचा. एकदा मी जावईबापूंकडून विचारलं, छर्रे जास्त मावत नाहीत तर दारू वाढवून जोर का वाढवत नाही? तो म्हणाला, जागा एवढीशी, आणि भरताना जरा चूक झाली की नळी हातात फुटते. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर पुढची चूक करायला हात शिल्लक राहत नाही. आपण कीटकनाशकाचं झाकण मोजून टाकतो, हा त्याच्याही पुढचा हिशेब.

मी त्या रिव्हॉल्वरला हात लावला नाही. पाहुणा माणूस, आणि तिकडच्या कायद्यातही पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्यानं बंदूक हाताळण्यावर बंधनं आहेत. माझं काम भोकं मोजायचं.

ते काम मी मागून घेतलं. कारण तुम्हाला माहीतच आहे, फवारणी पंपाचा नोझल बदलला की मी जमिनीवर पाणी मारून पट्टा मोजतो. तसंच इथं. लेकीच्या घरी फ्रिजचा मोठा खोका होता. त्याचे तीन तुकडे केले. म्हातारबानं एकावर दीड मीटरवरून बार टाकला, दुसऱ्यावर तीन मीटरवरून, तिसऱ्यावर सहा मीटरवरून. मी टेप लावला आणि पेनानं एकेक भोकाला खूण केली. लेक म्हणाली, "आबा, तुम्ही इथं पण प्लॉट पाडलाच!"

त्या काडतुसात 9 नंबरचे छर्रे होते. एक छर्रा दोन मिलिमीटरचा, आपल्या मोहरीच्या दाण्याएवढा. सगळ्यांचं मिळून वजन 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. दाणे भरतात साधारण 130. आता आपल्याकडची 12 बोअरची बंदूक आठवा. तिच्या एका काडतुसात 28 ग्रॅम किंवा जास्तच छर्रे असतात. म्हणजे रिव्हॉल्वरचं छर्रा काडतूस हे 12 बोअरच्या पाव हिश्श्याच्याही आतलं. .22 चं तर आणखी लहान. त्यात 31 ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅम, आणि छर्रे 12 नंबरचे, राजगिऱ्याएवढे.

आता हिशेब बघा. दीड मीटरवर छर्रे एका वितीच्या आत होते, 15 सेंटीमीटरच्या गोलात. तीन मीटरवर गोल 30 सेंटीमीटरचा झाला. सहा मीटरवर 60 च्याही वर गेला. अंतर दुप्पट, गोलाची रुंदी दुप्पट, पण क्षेत्र चौपट. हे आपल्याला पेरणीत कळतं. तेवढंच बी चौपट रानात फेकलं तर उगवण विरळ दिसणारच. सापाचं डोकं साधारण 15 चौरस सेंटीमीटर धरा. दीड मीटरवर त्या डोक्यावर 11 छर्रे पडतात. तीन मीटरवर जेमतेम 3. सहा मीटरवर पाऊण, म्हणजे चार बार टाकले तर तीनदा एक दाणा लागायचा. आणि मोहरीएवढ्या एका दाण्यानं जाडजूड साप मरत नाही, नुसता चिडतो.

हे झालं छर्रे सारखे पसरले असं धरून. प्रत्यक्षात ते सारखे पसरत नाहीत. रिव्हॉल्वर-पिस्तुलाच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळीला गिरकी देऊन ती सरळ जावी म्हणून त्या असतात. गोळीला जे फायद्याचं, तेच छर्ऱ्याला मारक. छर्ऱ्यांचा सगळा घोस गिरकी घेत बाहेर पडतो, आणि गोफण सुटल्यासारखे दाणे कडेला फेकले जातात. मधे मोकळं, कडेला दाट. वडा पाडतो तसं. सहा मीटरच्या खोक्यावर बरोबर मध्यभागी माझी मूठ बसेल एवढी जागा कोरी होती. म्हणजे नेम अचूक धरला तर साप नेमका त्या कोऱ्या जागेत!

मग नळी आतून गुळगुळीत का करत नाहीत? 12 बोअरची असतेच ना गुळगुळीत. तर अमेरिकेत 1934 चा एक केंद्रीय कायदा आहे, त्यानं गुळगुळीत नळीचं पिस्तूल वेगळ्या सरकारी नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. म्हणून लोकांनी दुसऱ्या वाटा काढल्या. थॉम्पसन सेंटर कंपनीच्या एका पिस्तुलाला नळीच्या तोंडाशी सरळ खाचांचा तुकडा बसवायचे, छर्ऱ्याची गिरकी थांबवायला. ब्राझीलच्या टॉरस कंपनीनं 2006 मध्ये ‘जज’ नावाचं रिव्हॉल्वर काढलं, त्यात बारक्या बंदुकीचं .410 चं काडतूस बसतं. त्यात छर्रे दुप्पट मावतात. पण नळी आखूड आणि पेचाचीच, त्यामुळं पसरणं काही सुटत नाही. थोडक्यात, पिस्तुलातनं छर्रा मारणं हे कुळवाला नांगराचं काम सांगण्यासारखं आहे. थोडं होतं. पण थोडंच.

आणखी चार अडचणी म्हातारबानं दाखवल्या, त्या पण लिहून ठेवतो. एक, मॅगझिनवाल्या पिस्तुलात हे काडतूस अडकतं. त्या पिस्तुलाला पुढचं काडतूस आत ओढायला बाराचा ठरावीक धक्का लागतो, हलक्या भरतीत तो कमी पडतो. म्हणून रिव्हॉल्वरच बरं. दोन, रिव्हॉल्वरमध्ये पण पहिला बार झाला की धक्क्यानं शेजारच्या काडतुसाची चकती सैल होते, छर्रे सांडतात, नाहीतर कुपी पुढं सरकून चाकच अडतं. तीन, उघडं शिसं नळीला घासून खाचांत लिंपून बसतं. ते ब्रशनं काढल्याशिवाय पुढं गोळी मारायची नाही. आणि चार, सगळ्यात महत्त्वाची. छर्रे दगडावरून उसळून परत येतात. जवळच्या बाराला तर हमखास. तो डोळ्याला जाड काच लावल्याशिवाय बार टाकायचा नाही, आणि मला दहा पावलं मागं, ट्रकच्या आड उभा करायचा.

तरी तो वापरतो कशाला? मी हेच विचारलं. त्याचं उत्तर मला आवडलं. म्हणाला, गोठ्यात उंदीर, नाहीतर कुत्र्याच्या पिंजऱ्यापाशी साप, एवढ्यालाच. गोळी मारली तर ती पत्र्यातनं आरपार जाते आणि पलीकडं काय असेल सांगता येत नाही. छर्रा लवकर दम सोडतो. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतोय, ताकद कमी असण्याचा, तोच त्याच्या कामाचा गुण. माळावर साप दिसला तर? हात हलवून म्हणाला, वळसा घालून जायचं. चाळीस वर्षांत या छर्ऱ्यानं किती साप मारले? दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि एक मिटलं. नऊ.

आणि उंदराबद्दल पण त्याची एक अट होती. छर्ऱ्यानं मेलेला उंदीर तसाच टाकायचा नाही, पुरायचा. घुबडानं खाल्ला तर शिसं घुबडाच्या पोटात जातं. घुबड त्याच्या गवताच्या कोठाराचं राखणदार होतं. आपल्याकडं उंदराचं औषध घालून मेलेले उंदीर बांधावर फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. साप झडप घालतो ती स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत. चार फुटी घोणस असली तर दीड-दोन फूट. म्हणजे तीन मीटरवरची घोणस तुम्हाला काही करू शकत नाही. तीन मीटरवर छर्रा पण फारसं काही करू शकत नाही. छर्रा कामाचा व्हायला दीड मीटरवर जावं लागतं, म्हणजे सुरक्षित होतात ते सोडून आपणच सापाजवळ जायचं. ज्या अंतरावर हत्यार चालतं, त्याच अंतरावर दोन पावलं मागं सरकणं पण चालतं, आणि त्याला लायसन लागत नाही.

दुसरं, मला पन्नास वर्षांत दिसलेला एकही साप चावला नाही. आपल्या वाडीत ज्यांना चावला, त्या प्रत्येकाला न दिसलेला चावला. पाचटात हात घातला. वैरणीचा भारा उचलला. अंधारात पाय पडला. जमिनीवर झोपलेल्याला मण्यारानं अंथरुणात चावलं. यातल्या कुठल्या वेळेला कमरेचं रिव्हॉल्वर उपयोगाला आलं असतं? पुतण्याच्या बापाच्या हातात त्या रात्री बंदूक असती तरी ती चिखलात पडली असती, एवढंच.

मारून टाकलेला साप पण चावतो, हे पण सांगायला पाहिजे. डोकं तुटलं तरी बराच वेळ जबडा मिटतो. टेक्सासात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारबा मेलेल्या सापाला लांब फावड्यानंच उचलायचा.

आता आकडे ऐका, कारण या पानावर आपण आकड्याशिवाय बोलत नाही. अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात. मरतात साधारण पाच. आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं 12 लाख माणसं गेली असा अभ्यास 2020 मध्ये छापून आला. वर्षाला सरासरी 58,000. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक सगळे खेड्यातले. आपली लोकसंख्या त्यांच्या चौपट आहे, पण मरण काही चौपट नाही, हजारो पट आहे.

पोरं म्हणतात, तिकडं बंदुका आहेत म्हणून. तसं नाही. मी तिथं बघितलं ते सांगतो. म्हातारबाच्या पायात गुडघ्यापर्यंत कातडी बूट. गवतात शिरायचं तर वरून आणखी जाड गुंडाळी. जमिनीवर कुणी झोपत नाही. रात्री शेतात कुणी पाणी धरत नाही. चावलाच तर फोन, गाडी आणि लस असलेला दवाखाना. त्याच्या गाडीच्या काचेवर दवाखान्याचा नंबर चिकटवलेला होता. म्हातारबाला जिवंत ठेवतात ते बूट, उजेड आणि दवाखाना. रिव्हॉल्वर हे त्या सगळ्याच्या शेवटी, उंदरापुरतं.

आता कायद्याचं. हे पोरांनी दोनदा वाचा. आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यानं बंदूक आणि काडतूस नुसतं जवळ ठेवायला परवाना लागतो. बनवायला त्याहून वेगळा लागतो. पीक संरक्षणासाठी 12 बोअरचं लायसन आहे म्हणून घरी काडतुसं भरता येतील, असं अजिबात नाही. काडतूस परवानाधारक दुकानातनंच घ्यायचं, लायसनवर लिहिलेल्या संख्येतच. 12 बोअरची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात बनतात, ती घ्यावीत. आणि आपल्याकडं लायसनवर जे .32 चं रिव्हॉल्वर मिळतं, त्याची पुंगळी .38 पेक्षाही लहान. वर मी .38 चा हिशेब मांडला. .32 मध्ये छर्रे किती मावतील आणि डोक्यावर किती पडतील, ते तुम्हीच काढा.

पुतण्याला कुणीतरी सांगितलं होतं, लायसनच्या भानगडीत कशाला पडतोस, गावठी कट्टा वीस हजारात मिळतो, नळी पण गुळगुळीत, छर्ऱ्याला बरा. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एक तर ती नळी कसल्या पाइपाची असते ते करणाऱ्यालाच माहीत. म्हातारबा चांगल्या पोलादाच्या रिव्हॉल्वरला एक कण जास्त दारू घालत नव्हता, आणि आपण पाइपात बार करायचा? दुसरं, बेकायदा शस्त्र बनवणाऱ्या-विकणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आहेत, आणि जवळ बाळगणाराही सुटत नाही. सापानं बाप नेला, आता कट्ट्यानं पोरगं न्यायचं, असं होऊ द्यायचं नाही. मी त्याला तेवढंच म्हटलं, "तुझ्या आईनं तुला उसाच्या पाचटात वाढवलाय. तिला विचार आणि मग घे." त्यानं विचारलं नाही. घेतलाही नाही.

शिवाय साप आपला वैरीही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, पण दिसला की ठेचायचा हे बेकायदाच. आणि धामण तर आपली बिनपगारी राखणदार. उसात उंदीर किती नुकसान करतो ते तोडणीला पडलेली कुरतडलेली कांडी बघून कळतं. माझ्या विहिरीकडच्या बांधावर एक धामण चार वर्षं आहे. त्या बाजूच्या चार सऱ्यांत मला बिळं कमी दिसतात. प्रयोग नाही हा, नुसतं डोळ्याचं बघणं. तज्ज्ञ मंडळींनी याच्यावर काही मोजमाप केलं असेल तर जरूर सांगा.

मग करायचं काय? पुतण्या आणि मी रिव्हॉल्वरच्या पैशाचा हिशेब मांडला, आणि त्याच्या कितीतरी कमी पैशात हे केलं.

मोटरीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. रात्री लाईट आली की घरातनं मोटर चालू होते. उसाला ठिबक असल्यानं दारं मोडायला रात्री जावं लागत नाही. ज्यांच्याकडं पाटपाणी आहे त्यांना हे पूर्ण जमणार नाही, पण निम्म्या खेपा तरी वाचतात. दिवसा लाईट मिळावी ही मागणी आपण सगळे करतोच आहोत, ती सोडायची नाही.

घरात जेवढी माणसं रानात जातात तेवढे गुडघ्यापर्यंतचे गमबूट. बायकांच्या मापाचे पण. आपण भांगलायला बायका पाठवतो आणि बूट गड्याच्या पायात, हे बदलायला पाहिजे. पाचट उचलताना, वैरण काढताना जाड हातमोजे, आणि आधी काठीनं ढोसायचं. घोणस जागची हलत नाही, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. आवाज आला की पाय थांबवा आणि मागं या.

डोक्याला बांधायची बॅटरी. हात मोकळे राहतात, पाऊल टाकायची जागा दिसते. घराभोवतीचं सरपण आणि विटांचा ढीग लांब नेला. ऊसतोडीच्या टोळीला उतरायला जागा देतो तिथं यंदा खाटा आणि मच्छरदाण्या द्यायचं ठरवलंय. मच्छरदाणी गादीखाली खोचली की मण्यार आत येत नाही. डासासाठी घेतलेली वस्तू सापालाही चालते.

आणि दंश झालाच तर. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढायचं, कारण सूज येते. हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा काठी लावून हलू द्यायचा नाही. चालवायचं नाही. 108 ला फोन, नाहीतर जी गाडी असेल ती. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्याकडं जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. ओळखण्याच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो आणि पहिल्याचा अर्धा तास जातो. घोणशीच्या दंशात रक्त गोठायचं थांबतं. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवून बघतात. म्हणून वाटेत थांबलेलं प्रत्येक मिनिट महाग पडतं.

पुतण्यानं आणखी एक काम केलं, ते मला सुचलं नव्हतं. आसपासच्या पाच दवाखान्यांना फोन करून त्यानं विचारलं, सापाची लस आहे का, रात्री कोण असतं, किती कुप्या शिल्लक असतात. दोन ठिकाणी लस होती. एका ठिकाणी सांगितलं की पहिला डोस आहे, पण त्याला पुरी पडेल एवढी नाही. दोन ठिकाणी नव्हतीच. त्यानं कागद केला, गावाची पाच टोकं धरून कुठून कुठल्या दवाखान्याला जायचं ते लिहिलं, आणि सोसायटीच्या दारावर, दूध डेअरीत आणि शाळेत लावला. पहिल्या ओळीत वडिलांचं नाव घातलंय. नाव घालू का म्हणून त्यानं मला विचारलं होतं. मी घाल म्हणालो.

तेव्हा मंडळी, छर्ऱ्याचं काडतूस ही ज्या मुलखात, ज्या कामासाठी आहे, तिथं ठीक आहे. गोठ्यातल्या उंदराला, दीड मीटरवरून, डोळ्याला काच लावून. आपल्या उसातल्या अंधाराला त्याचा काही उपयोग नाही.

एक काम आजच करा. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन लावा आणि विचारा, सापाची लस आज आहे का आणि किती आहे. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. पावसाळ्याचे दोन महिने अजून बाकी आहेत.

राम राम.